वायद्याचा हिशेब कोणी मागायचा?

कोपराला गूळ लावणे हा वाक्प्रचार पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाला, त्याने निवडणुकीची जाहीर सभा पाहिलेली नसणार. पण माणूस त्याला पुरता कळला होता. कोपराचा गूळ दिसतो, त्याचा वास येतो, जीभ मात्र तिथवर पोहोचत नाही. पाच वर्षे आपण मान वाकडी करून खटपट करतो आणि मग दुसरा कोणी येऊन दुसऱ्या कोपराला गूळ लावून जातो.

वचन मोडणे वाईट, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. आमच्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या पोरालाही ते कळते. उद्या मैदानावर नेऊ असे सहज म्हटले आणि दुसऱ्या दिवशी कसलीशी माहिती तातडीने भरून पाठवायचे काम निघाले, तर मागच्या बाकावरून आवाज आलाच म्हणून समजा, "सर, आप बोले थे!" या चार शब्दांना उत्तर देताना बी.एड.ला शिकलेले सगळे बालमानसशास्त्र थकते. हेच पोर पुढे अठरा वर्षांचे होते, मतदार होते, आणि तेव्हा मात्र हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. ते का निघत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

सोपे उत्तर असे की, कायद्याने काही करता येत नाही. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तामिळनाडूत २००६ साली एका पक्षाने रंगीत टीव्ही फुकट देण्याचे जाहीर केले, २०११ साली दुसऱ्याने मिक्सर, पंखे, लॅपटॉप दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जुलै २०१३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, जाहीरनाम्यातली आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत. त्याच निकालातल्या आदेशानुसार निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये आचारसंहितेत जाहीरनाम्यासाठी वेगळा भाग घातला: आश्वासनामागचे कारण द्यावे, पैसा कुठून येणार ते ढोबळमानाने सांगावे. सांगावे, इतकेच. नाही सांगितले तर काय, किंवा सांगून केले नाही तर काय, त्याबद्दल शिक्षा नाही. गंमत अशी की, १९८५ च्या पक्षांतरबंदीने आमदार पक्षाच्या आदेशाला बांधला गेला. व्हिप मोडला तर त्याची आमदारकी जाऊ शकते; मतदाराला दिलेला शब्द मोडला तर त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

राजकारण्यांची बाजूही ऐकली पाहिजे. निवडून दिलेला माणूस हा मतदारांचा निरोप्या नाही, त्याने आपली अक्कल वापरावी, हे तत्त्व जुने आहे. १७७४ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातून निवडून आल्यावर एडमंड बर्क यांनी ते मतदारांना तोंडावर ऐकवले होते. परिस्थिती बदलते, तिजोरी रिकामी निघते, आघाडीतला भागीदार अडून बसतो, हेही खोटे नाही. पण बर्क यांचे नाव घेणाऱ्यांनी पुढची गोष्टही सांगावी. आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांवरचे निर्बंध या प्रश्नांवर ते मतदारांच्या विरोधात गेले, कारणे उघडपणे मांडली आणि १७८० मध्ये पराभव समोर दिसू लागल्यावर ब्रिस्टलच्या लढतीतून बाजूला झाले. मतभेदाची किंमत त्यांनी मोजली. जो आधी हो म्हणतो, मग गप्प बसतो आणि पुढच्या वेळी पुन्हा हो म्हणायला येतो, त्याला या तत्त्वाच्या आडोशाला उभे राहता येणार नाही.

आमच्या मते खरा प्रश्न फिकहच्या जुन्या चर्चेत जास्त नेमका मांडलेला आहे. वायदा पाळावा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो काझीने त्यात पडावे की नाही याचा. बहुतेक फुकहांचे म्हणणे असे की, नुसता वायदा म्हणजे करार नव्हे; तो पाळायला काझी भाग पाडू शकत नाही. मालिकी मसलकातल्या एका प्रसिद्ध मताने मात्र यात फरक केला. कोणी म्हणाला, तू तुझे जुने घर पाड, नवे बांधायला कर्ज मी देतो. आणि त्या भरवशावर समोरच्याने घर पाडले, तर आता मागे फिरता येणार नाही. काझी त्याला भाग पाडू शकतो. म्हणजे शब्द किती जोरात दिला हे पाहायचे नाही, त्या शब्दावर विसंबून कोणी काय पाडून बसला आहे, ते पाहायचे. आपल्याकडे देशावर बहुतेक हनफी आणि कोकणात शाफई, त्यामुळे मालिकी मत फारसे कानावर येत नाही. पण हे घर पाडण्याचे उदाहरण आम्हाला निवडणुकीच्या प्रत्येक हंगामात आठवते.

हिंदुस्थानी न्यायालयातही या विचाराच्या जवळ जाणारी एक गोष्ट घडली. टाळेबंदी लागल्यावर २९ मार्च २०२० रोजी दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, गरीब भाडेकरूंना भाडे देता आले नाही तर सरकार देईल, घरमालकांनी तगादा लावू नये. काही मजूर उच्च न्यायालयात गेले. २२ जुलै २०२१ रोजी एका न्यायमूर्तींनी निकाल दिला की, मुख्यमंत्र्यांनी अशा रीतीने दिलेला शब्द अंमलात आणायला लावता येतो. पाळायचा नसेल तर सरकारने तशी कारणे द्यावीत. दोनच महिन्यांनी खंडपीठाने या निकालाला स्थगिती दिली. तरी दार किलकिले झाले होते, एवढे नोंदवून ठेवावे.

आता आपल्या घरातले उदाहरण. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत आला. राज्याने २००८ मध्ये डॉ. महमूदुर्रहमान यांचा अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. मग २०१४ च्या लोकसभेत सत्ताधारी आघाडीचा धुव्वा उडाला आणि विधानसभा तीन महिन्यांवर असताना, जुलै २०१४ मध्ये, दोन अध्यादेश निघाले. मराठा समाजाला १६ टक्के, आणि मुस्लिमांतल्या यादीतल्या जमातींना ५ टक्के.

आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागलो होतो. त्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या मुलांचे आईबाप दाखल्यांसाठी तहसील कचेरीच्या रांगेत उभे होते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला कोणी रत्नागिरीकडच्या गावी गेला, कोणी रोज बुडवला, कोणी दलालाला पैसे दिले. एका रिक्षावाल्याने आमच्यासमोर मुलीची डिप्लोमाची जागा सोडली, पुढच्या वर्षी राखीव जागेतून फी कमी लागेल या हिशेबाने. मालिकी फकीहांना हेच घर पाडणे अभिप्रेत होते.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षण आणि मुस्लिमांचे नोकऱ्यांतले आरक्षण स्थगित केले. शिक्षणातले ५ टक्के मात्र स्थगित केले नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम ठळक आवाजात वर्गात वाचून दाखवावे असे आहे, कारण पुढची कित्येक वर्षे 'कोर्टाने अडवले' हेच उत्तर आम्हाला मिळत राहिले. कोर्टाने शिक्षणाचा दरवाजा बंद केला नव्हता. अध्यादेशाची मुदत डिसेंबरमध्ये संपली, तोवर नवे सरकार आले होते. त्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा त्याच अधिवेशनात केला. मुस्लिम आरक्षणाचा केला नाही.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. त्या नव्या सरकारमधल्या पक्षाने आम्हाला हे आरक्षण देऊ असे कधी म्हटलेच नव्हते; धर्माच्या आधारावर आरक्षण नको, असे तो उघड सांगत होता. त्याच्या धोरणावर आम्ही टीका करू, त्याच्या भेदभावाबद्दल प्रश्न विचारू, पण शब्द मोडल्याचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. ज्याने शब्दच दिला नाही, तो शब्द कसा मोडणार? आपल्या सभांमधून सगळा राग मात्र तिकडेच वळवला जातो आणि ज्याने शब्द दिला तो मंचावर बसून टाळ्या वाजवतो.

ज्यांनी शब्द दिला होता ते २०१९ च्या अखेरीस पुन्हा सत्तेत आले. २८ फेब्रुवारी २०२० रोजी अल्पसंख्याक विकास मंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, शिक्षणातल्या ५ टक्क्यांसाठी कायदा करू. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. चार-पाच दिवसांतच मुख्यमंत्री म्हणाले की, असा प्रस्ताव आपल्यापुढे आलेला नाही. मग कोरोना आला, ती सबब खरी होती. पण सरकार जून २०२२ पर्यंत टिकले, आणि त्यात प्रस्ताव कुठल्या टेबलावर होता हे कोणी सांगितले नाही. आम्हीही कोणी विचारले नाही.

का विचारले नाही? याचे उत्तर आम्हाला आमच्याच लोकांशी बोलताना मिळाले. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्टर, इनको नाराज करेंगे तो वो आ जाएँगे." आपण ज्याला मत देतो त्याला ते वायद्यासाठी देतच नाही, दुसरा येऊ नये म्हणून देतो. आणि भीतीपोटी दिलेल्या मतात वायदा ही नुसती झालर असते. उमेदवाराला ते पक्के ठाऊक असते. त्याने शब्द पाळला तरी मत मिळणार, नाही पाळला तरी मिळणार. मग पाळण्याचा खटाटोप तो कशाला करील? ज्याच्या मताला दुसरीकडे जायला वाटच नाही, त्याच्याकडून उधारी घेणाऱ्याला परतफेडीची काळजी कसली?

ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी १९९२-९३ ची मुंबई पाहिली, त्यांना घाबरू नका असे सांगण्याचा अधिकार आमच्या पिढीला नाही. म्हणूनच 'पुढच्या वेळी धडा शिकवू' हा उपदेश आम्हाला पोकळ वाटतो. धडा शिकवायला दोन पर्याय हातात लागतात.

पण हिशेब मागण्याची जागा मतपेटी एकटीच आहे, असे कोणी सांगितले? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदीय पद्धत का निवडली याचे कारण दिले होते. तिच्यात सरकारची झडती दोनदा होते: ठरावीक मुदतीने मतदारांकडून, आणि रोजच्या रोज सभागृहात, प्रश्न, ठराव, चर्चा यांतून. आम्ही पहिल्या झडतीच्या आशेवर बसलो, ती आमच्या हातून भीतीने काढून घेतली. आणि दुसरी, जिच्यात भिण्यासारखे काही नाही, तिच्याकडे फिरकलोच नाही. आपल्या आमदाराने पाच वर्षांत ५ टक्क्यांवर किती प्रश्न विचारले, हे कोणाला विचारावेसे वाटले? आमदाराला प्रश्न विचारायला लावले म्हणून कोणाचे सरकार पडत नाही आणि 'वो' येत नाहीत.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका या बाबतीत जास्त शहाण्या निघाल्या. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करू असे सांगितले गेले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात वाढ आली नाही. तेव्हापासून शिवणाच्या वर्गाला येणाऱ्या बायका महिन्याला सहाशे अशी बाकी धरत आल्या. कोणाच्या नावे, कधीपासून, सगळे तोंडपाठ. 'समाजाचा सर्वांगीण विकास' याची बाकी कोणी कशी धरणार? आकडा असला की वायदा वायदा होतो, नाही तर ती तोंडाची वाफ. मागणारे आपणही मोघमच मागतो: कब्रस्तानची भिंत, शादीखाना आणि मग 'कौम के लिए कुछ कीजिए'. आमच्या शाळेत राखीव जागांवर उर्दू माध्यमाचे उमेदवार मिळत नाहीत म्हणून पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. हा प्रश्न प्रत्येक प्रचारात निघतो, 'बघतो' या शब्दावर मिटतो, आणि दोन वर्ग एका शिक्षकापुढे बसत राहतात.

आम्ही पगारी शिक्षक, निवडणुकीत आमचे काम बोटाला शाई लावण्याचे. उमेदवारापुढे उभे राहणे आम्हाला शोभत नाही आणि नियमातही बसत नाही. ते काम वाचनालयात बसणाऱ्या चार पोरांनी केले. २०१९ पासून त्यांनी एक वही ठेवली. तारीख, जागा, कोण बोलले, नेमके काय बोलले, ऐकणारे दोन. मते मागायला आलेल्या कोणालाही ती वही दाखवायची, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. मत कोणाला देणार हे सांगायचे नाही. २०२४ मध्ये एका उमेदवाराने ती हातात घेतली, चष्मा चढवून तीन पाने वाचली आणि सोबतच्या माणसाला विचारले, "हे मी बोललो होतो?" सोबतच्याने मान डोलावली. उमेदवाराने वहीच्या झेरॉक्स मागितल्या. पोरांनी त्या दिल्या आणि त्या दिल्याची तारीख, वेळ आणि पानांची संख्याही वहीत लिहून त्यांची सही घेतली.