पहिली किक



धर्मगुरुनिवासामागे उभी असलेली जुनी येझदी आपण सर्वांनी पाहिली आहे. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. आपली गाडीही नागपूरचे कित्येक उन्हाळे-पावसाळे सोसत तशीच पडून होती. या मे महिन्यात आम्ही ती सुरू करायला घेतली.

एका तरुणाने उत्साहाने किक मारायला पाय उचलला. मिस्त्रींनी त्याला थांबवले. "इंजिन जाम असेल तर जोर लावल्याने आतले काहीतरी मोडेल." त्यांनी स्पार्क प्लग काढला, त्या छिद्रातून थोडे तेल सोडले आणि गाडी तशीच ठेवायला सांगितली. आठवड्याने इंजिन अलगद फिरले. मग टाकीतला गंज काढला. जुने पेट्रोल सुकून कार्बोरेटरचा जेट बुजला होता. ते बारीक छिद्र मोकळे केले. ताज्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळले, तेव्हा कुठे ती धूर सोडत सुरू झाली.

अनेक वर्षांनी एखादा भाऊ मिस्साला येतो, शेवटच्या बाकावर बसतो. आपण दारातच विचारतो, "इतकी वर्षे कुठे होतास?" हीच ती जोराची पहिली किक! प्रभू येशूच्या दाखल्यातील माळ्याने निष्फळ अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतले. आम्ही धर्मगुरूही कधीकधी तेवढा धीर धरत नाही. या रविवारी अशा एखाद्याच्या शेजारी जाऊन बसू या. पापस्वीकाराची वाट त्याला हळूहळू सापडेल.

प्रभू आपणा सर्वांना धीर देवो.