खोटं-खोटं खेळायला दुसरा लागतो

कॉमिक काढणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात हल्ली एक दावा वारंवार येतो: आता जोडीदाराची गरज उरली नाही. गोष्ट सुचली की यंत्राला सांगायची, चित्र हजर. वेबवर टाकायला ना संपादक लागतो, ना छापखाना. सोयीची गोष्ट म्हणून हे मान्य करता येईल. पण बालपणीच्या कल्पनाविश्वावरच्या कॉमिकबाबतही हेच तत्त्व म्हणून सांगितलं जातं. मुलाची कल्पना त्याच्या एकट्याची असते, म्हणून तिचं चित्रणही एकाच हाताने व्हावं, असा हा युक्तिवाद. तो मला मुळातच चुकीचा वाटतो.

मोबाइलने मुलांची कल्पनाशक्ती मारली, हा विलाप मी बाजूला ठेवते. सिनेमा आणि टीव्हीवरही तोच आरोप होऊन गेला आहे. मुलांच्या कॉमिकमधून संस्कार झाले पाहिजेत, असं म्हणणाऱ्यांना मुलं स्वतःच न वाचून उत्तर देतात.

मराठी वाचकाला जोडीचं काम नवं नाही. ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ची पानं शब्द आणि रेषा यांच्या संगतीनेच उभी राहिली. १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला ‘चिंटू’ तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा. त्यात चिंटू एकटा फारसा सापडत नाही. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू यांपैकी कुणी ना कुणी असतंच, आणि त्याचा बेत ठरतो न ठरतो तोच मोडायला कुणीतरी टपलेलं असतं. दोघांनी काढला म्हणूनच तो असा झाला, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण हा निव्वळ योगायोग आहे, हेही मला पटत नाही.

एकहाती कॉमिकचे पुरस्कर्ते शेवटी बिल वॉटरसनपाशी येऊन थांबतात. १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं त्याने ‘केल्विन अँड हॉब्ज’ एकट्याने लिहिलं, एकट्याने काढलं. आपली पात्रं खेळण्यांवर आणि कपांवर विकू द्यायला त्याने ठाम नकार दिला. सहा वर्षांचा केल्विन, त्याचा कापसाचा वाघ हॉब्ज आणि एकटा चित्रकार. बालपणीची कल्पना एकाकी असते याला आणखी पुरावा कशाला, असं विचारलं जातं.

पुरावा नीट पाहू या. केल्विन वर्गात बसून अंतराळवीर स्पिफ होतो, तेव्हा तो खरोखर एकटा असतो. म्हणूनच बाईंनी प्रश्न विचारला की त्याचा ग्रह विरून जातो. ‘केल्विनबॉल’चं तसं होत नाही. त्या खेळात नियम खेळता खेळता बनतात आणि तोच खेळ पुन्हा तसाच खेळायचा नसतो. तो चालतो, कारण नियम मोडायला आणि नवा काढायला समोर हॉब्ज असतो. झाडावरच्या घराचंही तसंच. हॉब्ज आधी वर चढतो, आणि वाघांची स्तुती करणारा लांबलचक परवलीचा मंत्र म्हटल्याशिवाय केल्विनला वर घेत नाही. आपल्याच कल्पनेतल्या घरात शिरायला केल्विनला दुसऱ्याची परवानगी लागते! वॉटरसन एकटा होता हे खरं. पण त्या एकटेपणात त्याला पहिली गरज भासली ती ‘नाही’ म्हणणाऱ्याची. पुढे २०२३मध्ये ‘द मिस्टरीज’ हे पुस्तक आलं, ते त्याने व्यंगचित्रकार जॉन कॅश्ट याच्या जोडीने केलं. एकांताचं दैवत करणाऱ्यांनी निदान याची दखल घ्यावी.

यातून जो फरक दिसतो तो मला कळीचा वाटतो: मनोराज्य वेगळं आणि खोटं-खोटं वेगळं. मनोराज्याला कुणाची संमती लागत नाही. त्यात मी राजा असतो आणि सगळे हरतात. खोट्या-खोट्या खेळाला संमती लागते, आणि ती दर क्षणाला नव्याने मिळवावी लागते. ‘मी तुला मारलं’ म्हटल्यावर दुसऱ्याने मरायला हवं. तो मरत नसेल तर भांडण होतं, आणि त्या भांडणातून खेळ पुढे सरकतो. लिंबूटिंबू आठवा. धाकटं भावंड बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. तरी ते खेळतंय हे सगळी टोळी मान्य करते. इतकी नाजूक, इतकी उदार कल्पना एकट्या डोक्यातून निघत नाही. ती करारातून जन्मते.

अहिल्यानगरच्या सावेडीत मी आणि माझी चित्रकार मैत्रीण एक वेबकॉमिक करत आहोत. गोष्ट पाइपलाइन रोडजवळच्या एका कॉलनीतली. बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग हा त्यातल्या मुलांचा भुईकोट किल्ला. शहरातला खरा भुईकोट किल्ला चांदबिबीने १५९५-९६च्या वेढ्यात मोगलांविरुद्ध लढवला. तोफगोळे संपले तेव्हा तिने सोन्याचांदीची नाणी तोफेत भरली, अशी आख्यायिका आहे. माझ्या संहितेत मुलगी ढिगावरून खड्यांच्या मोहरा डागते आणि मोगल पळतात. मैत्रिणीने काढलेल्या चित्रात मोगल झालेला शेजारचा पोरगा पळतच नाही. तो खडा उचलून म्हणतो, ‘ही मोहर मला सापडली. आता मी श्रीमंत. मी मरत नाही.’ माझ्या पानावर होतं ते मनोराज्य. तिच्या रेषेने त्याचा खेळ झाला, आणि पुढची सगळी गोष्ट त्या न मरणाऱ्या मोगलाने चालवली.

वर्तमानपत्रातल्या पट्टीला बाहेरून अडवणारं बरंच काही होतं: संपादक, स्तंभाची रुंदी, रोजची मुदत. वेबवर यातलं काहीच उरत नाही. पान हवं तेवढं लांब, वेळ आपला, विषय आपला. मग अडवणार कोण? यंत्र तर अडवत नाहीच. खड्यांच्या मोहरा मागितल्या तर ते मोहरा देतं, मोगल पळायला हवे असतील तर पळवतं. त्याची चित्रं वाईट असतात अशी माझी तक्रार नाही. उद्या ती फार चांगलीही होतील. तक्रार आहे ती त्याच्या आज्ञाधारकपणाची. मनोराज्य रंगवायला ते पुरेल, खोटं-खोटं खेळायला नाही.

जोडी जमली की काम आपोआप चांगलं होतं, असं मात्र नाही. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने काढायचं, अशा जोडीत माणसं दोन असली तरी खेळाडू एकच असतो. एकट्याने काढलेली उत्तम कॉमिकही आहेत. त्यांच्या कर्त्यांनी तो विरोधी खेळाडू स्वतःच्या आत मोठ्या कष्टाने उभा केलेला असतो. ती सिद्धी फार थोड्यांना लाभते, आणि तिच्यावरून सर्वांसाठी नियम काढणं धोक्याचं आहे.

म्हणून बालपणावर वेबकॉमिक करू पाहणाऱ्याने साधनं निवडण्याआधी माणूस निवडावा. त्याचा हात किती सफाईदार आहे हे नंतर पाहता येईल. आपण ‘तू मेलास’ म्हटल्यावर तो ‘नाही मेलो’ म्हणेल का, आणि तसं म्हणूनही खेळ सोडून जाणार नाही ना, एवढं आधी पाहावं.