शिक्षा संपते कुठे?

फौजदारी न्याय हा पदवीचा विषय म्हणून तसा नवा. अमेरिकेत बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात पोलिसांसाठी वर्ग सुरू केले आणि हा विषय विद्यापीठाच्या दारात आला. भारतात सागर विद्यापीठात १९५९ पासून गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञान शिकवले जाऊ लागले; बाकी पुष्कळ विद्यार्थ्यांची या विषयाशी गाठ पडते ती कायद्याच्या पदवीत. क्रम सगळीकडे साधारण सारखाच असतो: गुन्हा, तपास, खटला, तुरुंग. प्रथमखबर कशी नोंदवावी, पंचनाम्यात काय असावे, दोषारोपपत्र किती दिवसांत जायला हवे, हे सारे शिकावेच लागते. मात्र या यंत्रणेच्या बुडाशी दोन प्रश्न आहेत आणि ते तत्त्वज्ञानाचे आहेत. एका माणसाने दुसऱ्याला समजूनउमजून दुःख द्यायचे आणि त्याला न्याय म्हणायचे, हा अधिकार येतो कुठून? आणि दिलेली शिक्षा पुरी झाली, असे कधी म्हणायचे?

पहिल्या प्रश्नासाठी ‘शिक्षेचे सिद्धांत’ हे प्रकरण असते. प्रतिशोधात्मक, प्रतिबंधात्मक, सुधारणात्मक अशी त्याची विभागणी परीक्षेसाठी एका संध्याकाळी पाठ होते. पहिल्या सिद्धांताचा सर्वांत कठोर प्रवक्ता इमॅन्युएल कांट. १७९७ मध्ये त्याने एक कल्पना मांडली: एखाद्या बेटावरच्या लोकांनी समाज मोडून जगभर पांगायचे ठरवले, तरी निघण्यापूर्वी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी दिलेच पाहिजे. त्या फाशीचा कुणालाही उपयोग नाही, आणि कांटला नेमके तेच सांगायचे आहे. शिक्षा उपयोगासाठी नसते, गुन्हेगाराने ती ओढवून घेतलेली असते. त्याआधी ३३ वर्षे मिलानच्या बेकारियाने उलट बाजू मांडली होती. झालेला गुन्हा कोणत्याही छळाने पुसला जात नाही. म्हणून शिक्षेचे काम पुढचा गुन्हा रोखणे एवढेच, आणि त्यासाठी ती क्रूर असण्यापेक्षा चुकवता न येणारी असावी. दोघांच्या मांडणीत बळ आहे. पण शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाचे पुढे काय, हा दोघांच्याही विचाराचा गाभा नाही.

तो विचार महाभारताच्या शांतिपर्वात भेटतो. शंख आणि लिखित हे दोघे तपस्वी भाऊ. शंख आश्रमात नसताना लिखित येतो आणि झाडाची पिकलेली फळे तोडून खातो. शंख परत येऊन म्हणतो, ही चोरी झाली; राजाकडे जा आणि दंड मागून घे. राजा सुद्युम्न लिखिताला सामोरा येतो आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावर त्याला सोडून द्यायला तयार होतो, कारण ज्याला दंडाचा अधिकार त्याला क्षमेचाही. लिखित ऐकत नाही. त्याचे हात तोडले जातात. तो भावाकडे परततो, तेव्हा शंख त्याला बाहुदा नदीत स्नान करून तर्पण करायला सांगतो, आणि त्याला पुन्हा हात फुटतात. मग लिखित साहजिकच विचारतो: तुझ्या तपात एवढे सामर्थ्य होते, तर मला आधीच शुद्ध का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे की तुला दंड देणारा मी नव्हे.

फळांसाठी हात तोडणे आजच्या कोणत्याही मापाने अमानुष आहे. तरी कथेतली रचना विद्यार्थ्याने बारकाईने पाहावी. ज्याचे नुकसान झाले तो स्वतः शिक्षा देत नाही. ज्याने चूक केली तो ती स्वतःची म्हणून स्वीकारतो. म्हणजे राजाच्या दंडात त्याचे प्रायश्चित्तही मिसळते. आणि दंड पुरा होताच हात परत मिळतात. लिखित पुढे जन्मभर थोटा चोर म्हणून ओळखला जात नाही. याच पर्वातल्या द्युमत्सेन आणि सत्यवानाच्या संवादात सत्यवान देहदंडाला विरोध करतो तेव्हा तोही हाच धागा पकडतो: एका दरोडेखोराला मारले की त्याची बायको, आईबाप आणि पोरे हे निरपराध जीवही मारले जातात, आणि दुष्ट माणूसही कधी सज्जनाच्या सहवासात सुधारतो.

याच परंपरेची दुसरी बाजू झाकून हा विषय शिकवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याचा दंड वर्णानुसार बदलतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचे दहन झाले, त्यामागे ही विषमताही होती. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याहून पुढचे पाऊल टाकले. पुढे मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी झाली. पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या, सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी कुटुंबेच्या कुटुंबे हजेरीला बांधली गेली. या शिक्षेला आरंभी गुन्हा नव्हता, त्यामुळे तिला शेवटही नव्हता. १९५२ मध्ये कायदा गेला. संशय उरला, आणि चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर आधी धाड पडण्याची रीतही उरली.

गुन्हा ठरण्याआधीची शिक्षा आजही दिसते: आजच्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत. त्यांचा दोष अजून ठरायचा आहे. कांटच्या कसोटीने पाहिले तर त्यांनी काहीच ओढवून घेतलेले नाही, बेकारियाच्या कसोटीने हा उशीरच शिक्षेचा धाक घालवतो.

कायद्याने शिक्षेचा शेवट शोधण्याचा प्रयत्नच केला नाही, असे मात्र नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये, मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. तिथे जन्मठेपेचे कैदी बायकामुलांसह घरात राहतात आणि शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हीच वसाहत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामाजिक सेवा ही शिक्षा नव्याने आली: पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर चोराला तुरुंगाऐवजी लोकोपयोगी विनामोबदला काम करावे लागते.

या दृष्टीने सर्वांत मोलाचा कायदा १९५८ चा, अपराध्यांच्या परिवीक्षेचा. त्यात न्यायालय दोषी माणसाला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि कलम १२ प्रमाणे अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. लिखिताचे हात परत मिळण्याची ही कायदेशीर तरतूदच म्हणायची. कलम ६ आणखी पुढे जाते. आरोपी २१ वर्षांखालचा, म्हणजे पदवीच्या वर्गात बसणाऱ्यांच्याच वयाचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर सहसा त्याला कैद देता येत नाही. द्यायचीच तर न्यायालयाने कारणे नोंदवायची असतात. त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. हा अधिकारी मुलाच्या घरी जातो, शेजाऱ्यांशी, शिक्षकांशी, कामावरच्या मालकाशी बोलतो आणि त्याच्या स्वभावाविषयी व परिस्थितीविषयी लिहितो. हा विषय शिकलेले काही पदवीधर पुढे याच कामावर जातात, आणि न्यायाधीशापुढे त्या मुलाविषयी गुन्ह्यापलीकडचे जे काही येते ते बहुतेक त्यांनी लिहिलेल्या त्या दोन-चार पानांतूनच येते.