कनोसाच्या दारात तीन दिवस



कनोसियन भगिनींच्या शाळांमुळे 'कनोसा' हे नाव आपल्या ओळखीचे आहे. त्यांच्या संस्थापिका संत माग्दालेना यांच्या घराण्याचे ते नाव. आणि घराण्याला ते मिळाले उत्तर इटलीतल्या डोंगरावरील एका लहानशा ठिकाणावरून. आज तिथे पडका किल्ला आहे.

१०७७ सालच्या जानेवारीत या किल्ल्याच्या दारात जर्मनीचा राजा चौथा हेन्री अनवाणी, लोकरीच्या साध्या वस्त्रात उभा होता. बिशपांची नेमणूक कोणी करायची, यावरून त्याचे पोप सातवे ग्रेगरी यांच्याशी बिनसले होते. १०७६ मध्ये पोपमहोदयांनी त्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. सरदारांनी बजावले, वर्षभरात बहिष्कार उठला नाही तर राज्य गेले. म्हणून ऐन हिवाळ्यात बायको व लहान मुलासह तो आल्प्स ओलांडून आला. आत पोप, बाहेर राजा, असे तीन दिवस गेले.

त्याला राज्य वाचवायचे होते, हे लहान पोरालाही कळत होते. राजकारण पाहिले असते तर ग्रेगरींनी दार बंदच ठेवले असते. पण बाहेरचा माणूस क्षमा मागत होता आणि आतला माणूस धर्मगुरू होता. अखेर दार उघडले. नंतरच्या पत्रात ग्रेगरींनीच लिहिले आहे, की जवळची माणसे त्यांना निर्दयी म्हणू लागली होती.

पुढे हेन्री उलटला. १०८० मध्ये तो पुन्हा बहिष्कृत झाला, १०८४ मध्ये त्याने रोम घेतले आणि १०८५ साली ग्रेगरी रोमपासून दूर, सालेर्नोत वारले. मग पोप फसले का?

मला तसे वाटत नाही. सेमिनरीत आम्ही हेतू आणि कृती यांवर तासन्‌तास वाद घातले. पण कुमसार ऐकायला बसल्यावर समोरच्याचे मन उघडून पाहता येत नाही. कोणी भीतीने येतो, कोणाला बायकोने पाठवलेले असते. नरकाच्या भीतीने झालेला पश्चात्तापही या साक्रामेंताकडे नेऊ शकतो, असे ट्रेंटच्या परिषदेने सांगितले आहे. (राज्य जाण्याची भीती त्यात बसते का, हा प्रश्न वेगळा!)

१०८० मध्ये ग्रेगरी म्हणाले, मी त्याला ख्रिस्तसभेत परत घेतले होते, राज्यावर बसवले नव्हते. हा भेद मला पटतो. फसवणाऱ्या भावाला क्षमा केली, म्हणून जमिनीचे कागद पुन्हा त्याच्या हाती द्यावेत असे नाही. मात्र हे स्पष्ट सांगायला त्यांना तीन वर्षे लागली, त्यामुळे सरदारांचा रागही मला समजतो. दारातच सांगितले असते, तर हेन्री आत आला असता का, कोण जाणे.