पडद्याची दोरी

शाळेच्या बांधकामातले मुख्याध्यापकाला थोडेफार कळू लागते. कौले, गिलावा, फळ्याचा रंग यांवर मी अधिकाराने बोलू शकतो. पण पडदा ज्यावर लोंबतो त्या दांडीतही काही विचार करण्यासारखे असते, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळले, आणि तेही चूक करून झाल्यावर. एम. ए. ला असताना नीतिशास्त्राचे जाडजाड ग्रंथ वाचले होते. त्यांत पडद्याच्या दांडीवर एकही प्रकरण नव्हते.

आमचे घर शहापुरातले, आजोबांच्या वेळचे. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे परडे. अशा घरात माजघर ही खोली कमी आणि वाट जास्त असते. दोन वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली, तेव्हा तिची खाट माजघरातल्याच एका कोनाड्यासारख्या जागेत लावली. एका अंगाला भिंत, उशाला भिंत, पायथ्याला भिंतीत बसवलेले लाकडी कपाट. उरली ती एक बाजू, साडेसात फुटांची, उघडी. येणाजाणाऱ्या प्रत्येकाची नजर त्या बाजूने आत जाई.

लहानपणी याच माजघरात एक सुतळी बांधलेली असे आणि तिच्यावर आईच्या नऊवारीचे जुनेर टाकलेले असे. काकूंची बाळंतपणे त्या जुनेराआड झाली. मला न्हाऊ घालून आई त्याच्याआड लुगडे बदलत असे. सुतळी मध्ये झोळ खाई, जुनेर विरलेले असे, पलीकडची सावली हलताना दिसे. तरी आम्हा मुलांपैकी कोणाची ते बाजूला करण्याची छाती नव्हती. तो पडदा कापडाचा नव्हता, धाकाचा होता म्हणा, किंवा मर्यादेचा.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर कोल्हापूरची मंडळी आमच्या मुलीला पाहायला येणार असे ठरले. त्याच रात्री सौभाग्यवती म्हणाली, "अहो, माजघरात एक पडदा लावून घेऊ या. आईंना जरा आडोसा होईल." मी लगेच हो म्हणालो. आडोसा कोणाला होणार आहे हे तिलाही ठाऊक होते, मलाही. औषधांच्या बाटल्या, खाटेखालचे भांडे, एका बाजूला ओढलेले तोंड, हे सारे सोप्यातून दिसत होते. पण काही शब्द असे सोयीचे असतात की त्यांच्याआड दोन शहाणी माणसे न लाजता उभी राहू शकतात. 'आडोसा' हा त्यांतला एक.

खडेबाजारातल्या दुकानात माझा एक जुना विद्यार्थी निघाला. "सर, रॉड दाखवू की ट्रॅक?" मला दोन्हींतला फरक ठाऊक नव्हता. त्याने न कंटाळता समजावले. रॉड म्हणजे नळी. पितळेची, लाकडी, नाहीतर स्टीलची. दोन टोकांना ब्रॅकेट, शेवटाला शोभेचे गोंडे. पडद्याच्या कापडातच स्टीलच्या रिंगा बसवतात आणि त्या नळीत ओवतात. रॉड दिसायला हवा, तो दिसण्यासाठीच असतो. ट्रॅक म्हणजे अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी. तिच्या पोटात प्लॅस्टिकची लहान चाके धावतात आणि चाकांच्या आकड्यांना पडदा अडकवतात. पट्टी वर तुळईला नाहीतर छताला चिकटून बसते, कोणाच्या लक्षातही येत नाही. चुण्या छान पडायला हव्या असतील तर कापड रुंदीच्या दुप्पट, अडीचपट घ्यावे लागते. खिडकी असेल तर रॉड दोन्ही अंगांना चार-सहा इंच पुढे काढावा, म्हणजे पडदा सारल्यावर उजेड अडत नाही. हा पोरगा नववीत भूमितीत दोनदा नापास झाला होता.

"पण सर, साडेसात फूट म्हणजे रॉडला मध्ये तिसरा ब्रॅकेट लागणार. नाहीतर जाड कापडाने वाकेल. आणि मधल्या ब्रॅकेटवरून रिंग पलीकडे जात नाही. मग दोन पडदे करायचे, एक या अर्ध्यात, एक त्या अर्ध्यात. ट्रॅकला ती अडचण नाही. दोरीवालाही मिळतो. दोन टोकांना कप्प्या, एक दोरी ओढली की उघडतो, दुसरी ओढली की बंद. कापडाला हात लावायला नको."

मी स्टीलचा रॉड घेतला. पाहुण्यांना दिसणार होता ना! दोन टोकांना चकचकीत गोळे, दोन मरून रंगाचे पडदे. पडद्याआड जिचे दिवस जायचे होते तिला रंगसुद्धा विचारला नाही.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी सीमाप्रश्नावर आपले मत सांगितले, ते आम्ही अदबीने ऐकले. सव्वा तास गेला. सगळे छान पार पडले. मंडळी रिक्षात बसली आणि मी हसतमुखाने आत येऊन पडदा सारला. आईचा तांब्या कलंडलेला होता. उशी भिजली होती, खांद्यापर्यंत पातळ भिजले होते. त्या ओल्यात ती निमूट पडून होती.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

आजारानंतर तिचे शब्द जड येतात. थांबत थांबत म्हणाली, "पडदा लावला होता ना. मला वाटलं, आत्ता मी घरात नाही असं ठरलंय."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पडदे काढून गुंडाळून ठेवले. अपराधी मनाला असले तडकाफडकी निर्णय आवडतात. आठ दिवस माजघर उघडे राहिले आणि त्या आठ दिवसांत माझी दुसरी चूक उघड झाली. अंग पुसताना सौभाग्यवतीला एक हात कामाला आणि दुसऱ्या हाताने चादर धरावी लागे. दूधवाला दारात आला की सगळी घाई. नवव्या दिवशी आईच म्हणाली, "लाव तो परत. मी काही देवळातली मूर्ती नाही, सारखं दर्शन द्यायला."

म्हणजे पडदा वाईट नव्हता. मग वाईट काय होते?

याचे उत्तर मला घरात नव्हे, शाळेत सापडले, किंवा शाळेतले एक जुने उत्तर आठवले म्हणा. माझ्या खोलीच्या दाराला पडदा आहे. मुख्याध्यापक झालो त्या वर्षी फीची सवलत मागायला पालक येत. बाहेर बाकावर इतर पालक बसलेले असत. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून असा कोणी आला की मी उठून पडदा ओढून घेई. मला वाटे, मी फार हळुवारपणे वागतो आहे. एकदा वडगावच्या एका विणकर गृहस्थाने, मी उठतो आहे हे पाहताच, हात जोडले. "सर, पडदा नको. पडदा सरकला की बाहेरच्यांना कळतं, हा पैशाचं मागायला आलाय." ते खरेच होते. माझा पडदा झाकत काहीच नव्हता, उलट तो दवंडी पिटत होता. तेव्हापासून मी प्रत्येकासाठी पडदा ओढतो, पुस्तक विक्रेत्यासाठी, शिपायासाठी, नगरसेवकासाठीसुद्धा. नगरसेवकांना वाटते त्यांचा मान राखला.

त्या गृहस्थाने जे सांगितले तेच आईने सांगितले होते. झाकणे म्हणजे राखणे, आणि झाकणे म्हणजे पुसून टाकणेही. कापड एकच, चुण्या त्याच. बाहेरून पाहणाऱ्याला यातले कोणते चालले आहे ते सांगता येणार नाही. फरक पडतो तो एवढ्यावर, की पडदा सारायचा हात कोणत्या बाजूला आहे.

लग्नातला अंतरपाट आठवा. त्याला ना रॉड, ना ट्रॅक. दोन माणसे दोन टोके हातांत धरून उभी असतात. मंगलाष्टके लांबली की त्यांचे दंड भरून येतात. पलीकडे काय आहे ते वधूवरांना ठाऊक असते, सगळ्या मांडवाला ठाऊक असते. तो लपवत नाही, थोडे थांबवतो. आणि तो दूर होणार हे धरतानाच ठरलेले असते. यक्षगानातही पात्र प्रथम दोघांनी हातांत धरलेल्या पडद्याआड नाचते, मग प्रकटते. आमचे शहापूर ज्या सांगली संस्थानात होते, तिथे कर्नाटकातल्या अशाच भागवत मंडळींचे खेळ झाले, आणि 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. मराठी रंगभूमी अशी कानडी उंबऱ्यावरून घरात आली, हे आपण दोन्ही बाजूंचे लोक भांडताना विसरतो. असो. कानडीत पडद्याला 'परदे' म्हणतात. तो आपल्या 'पडद्या'चा सख्खा भाऊ, दोघेही फारसीच्या घरचे. पण कानडीचा स्वतःचा शब्द 'तेरे'. नाम म्हणून 'तेरे' म्हणजे पडदा, आणि क्रियापद म्हणून 'तेरे' म्हणजे उघड! पडदा म्हणताना उघडण्याचाही उच्चार व्हावा, ही गंमत आमच्या वर्गातल्या मराठी मुलांना मी अधूनमधून सांगतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्या. के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातूनच निवृत्त झालेले. निकालाची बातमी मी प्रार्थनेच्या वेळी मुलांना वाचून दाखवली होती. सरकारने माणसाच्या घरात डोकावू नये, हे मला तेव्हा मनापासून पटले. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाशी कसे वागावे, यासाठी मात्र कोणी न्यायालयात जात नाही. माझी आई तर नक्कीच जाणार नाही. तिने सव्वा तास ओल्या उशीवर काढला तो मुलाचा पाणउतारा होऊ नये म्हणून.

पुन्हा खडेबाजारात गेलो. रॉड परत घ्यायला विद्यार्थी तयार होता, पण मी दिला नाही. तो आता सोप्याच्या खिडकीवर आहे, मिरवायचे तिथे मिरवतो. दोरीचा ट्रॅक आणला आणि बसवायला सुताराला बोलावले. हे मिस्त्री खानापूरकडचे, बोलणे सगळे कानडीत. त्यांनी तुळई ठोकून पाहिली, मापे घेतली. मी अभ्यास करून ठेवला होता. दोरी उशाला, आतल्या अंगाला, आईच्या हाताशी. कागदावर आकृतीही काढली होती. मिस्त्रींनी आकृती पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून खाटेजवळ वाकून विचारले, "अज्जी, याव कडे बेक्री?"

कुठल्या बाजूला हवी? इतका साधा प्रश्न. आई मंडईत भाजीवाल्यांशी बोलून कानडी शिकलेली. तिने डावा हात उचलला. "एडगडे."

आणि तेव्हा माझी आकृती किती हुशारीची होती ते दिसले. खाटेची उघडी बाजू तिच्या उजवीकडे होती. दोरी मी तिच्या हाताशी दिली होती खरी, पण निर्जीव हाताशी. मिस्त्रींनी उपाय सांगितला, खाट फिरवा. उशाचे पायथ्याला करा, म्हणजे उघडी बाजू डावीकडे येईल. सौभाग्यवतीने शंका काढली, "मग डोके उत्तरेला येते." आई म्हणाली, "आता उत्तर काय नि दक्षिण काय. फिरवा." फिरवली. तिला मान जराशी कलती केली की सोप्याचे दार आणि त्यापलीकडचा रस्ता दिसू लागला. दीड वर्ष ती स्वयंपाकघराच्या चौकटीकडे पाहत पडली होती. तुला काय पाहायला आवडेल, असे आम्ही कोणी विचारले नव्हते.

कोल्हापूरचे स्थळ पुढे पत्रिकेत अडले. माघात इस्लामपूरची मंडळी आली. आम्ही पडदा लावला नाही, उघडाही ठेवला नाही, दोरी तिच्याकडे होती. चहाच्या वेळी चाकांची बारीक खरखर ऐकू आली आणि पडदा हातभर उघडला. आतून आईने मुलाच्या आईला विचारले, "तुमचं माहेर कुठलं?" बाई उठून आत गेल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. मला आपले औषधांच्या बाटल्यांकडे लक्ष. त्यांचे बहुधा नव्हते. ते लग्न वैशाखात झाले. त्यात पडद्याचा काही वाटा नसावा, मुलगी चांगली आहे.

दोरीचा उपयोग आई आपल्या मर्जीने करते. दुपारी उगाचच बंद करून घेते. शेजारच्या एका ठरावीक बाई आल्या की हमखास बंद होतो. कधी माझ्यावरही होतो. परवा संध्याकाळी शाळेतून आलो तर पडदा लावलेला. एरवी मी सरळ सारून आत गेलो असतो, छप्पन्न वर्षे तसाच जात आलो. त्या दिवशी थबकलो. दारावर टकटक करता येते, पडद्यावर कशी करायची? खाकरलो, आणि म्हणालो, "आई, येऊ का?"

आत काही वेळ काहीच हालचाल नाही. मग तिचा जड आवाज आला, "थांब जरा."

मी चपला हातात धरून माजघरात उभा राहिलो.