उकिरड्यातील ज्योत

माणसाची नीती तो काय मिळवतो यावरून कळते, तशीच तो काय टाकून देतो आणि कोणाच्या दारात टाकतो यावरूनही कळते. गोठ्यातले शेण, पानातले खरकटे, भाजीची देठे, केळीची साले हे सारे आपल्या घरातून रोज बाहेर पडते. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न स्वयंपाकघरात क्वचितच विचारला जातो. गोबरगॅसचे साधे तंत्र तो प्रश्न थेट शेगडीपाशी आणून ठेवते. म्हणून त्याचा विचार केवळ इंधनाच्या काटकसरीपुरता करणे आम्हांस अपुरे वाटते.

तंत्र तसे सोपे आहे. शेणात तितकेच पाणी कालवून तो काला बंद टाकीत सोडायचा. तेथे हवा नसताना जगणारे सूक्ष्म जीव त्याचे पचन करतात आणि मिथेन हा जळणारा वायू तयार होतो. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. चार-पाच जनावरांच्या शेणावर, म्हणजे दिवसाला ५० किलोंवर, दोन घनमीटरचे संयंत्र चालते आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. टाकीतून बाहेर पडणारी मळी पुन्हा वाडीत जाते, तिच्यातील नत्र पिकाला मिळते. गोवऱ्या थापल्या तर जाळ मिळतो पण खत जाते; खत केले तर जाळ मिळत नाही. येथे दोन्ही हाती लागतात.

या वायूचा आपल्याकडील इतिहास मोठा बोलका आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ साली मैल्यापासून वायू निर्माण करून दिवे लावण्यात आले. ज्यांना समाजाने वेशीबाहेर काढले, त्यांच्याच त्याज्य वस्तूंतून प्रकाश निघाला! माणसे टाकणे आणि वस्तू टाकणे या दोन सवयी एकाच मुळातून उगवतात, हे त्या दिव्यांनी कोणाला शिकवले की नाही, सांगता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी लिहिताना नेमका हाच संबंध दाखवला आहे.

अप्पासाहेब पटवर्धनांना तो फार आधी उमगला होता. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, जन्माने उच्चवर्णीय असलेल्या या सत्याग्रहीने भंगीकाम करू देण्याची मागणी केली. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याहून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग केले. घाण काढण्याचे काम एका जातीच्या माथी मारून उरलेल्यांनी स्वतःला शुद्ध म्हणवून घ्यायचे, या व्यवस्थेवरच त्यांचा रोख होता.

देहू गावी १९६० च्या सुमारास आलेले डॉक्टर सुहास मापुसकर यांनी तोच धागा पुढे नेला. शौचालयाला जोडलेले गॅस संयंत्र त्यांनी रचले आणि अप्पांच्या नावाच्या संस्थेतून ते काम वाढवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अशा वायूवर भाकरी भाजायची म्हटले की अनेकांना किळस येते. ज्वालेला वास नसतो, भाकरीला विटाळ होत नाही, हे बुद्धीला पटते. मन मात्र मागे सरते. ही किळस आरोग्याची राखणदार असेल तर तिचा मान राखावा. पण मैला वाहणाऱ्या माणसाला पाहून जी किळस येत असे, तीच ही असेल, तर तिची झाडाझडती घेणे आपले कर्तव्य ठरते.

तरीही तंत्राने आपोआप न्याय येत नाही. १९८१-८२ पासून सरकारने राष्ट्रीय प्रकल्प हाती घेऊन अनुदानाने गावोगाव संयंत्रे बांधली. त्यांतली कित्येक आजही जळतात, कित्येक बंद पडली. कोठे लोखंडी टाकी गंजली, कोठे जनावरे विकली गेली, कोठे दुरुस्तीला गवंडी मिळाला नाही. अनुदान एकदाच मिळते, संयंत्राला मात्र रोज खाऊ घालावे लागते. मग ते खाऊ कोण घालतो? धुरापासून सुटलेल्या सुनेच्याच वाट्याला शेणकाला कालवणे आणि त्यासाठी पाण्याचे हंडे आणणे आले, तर घरातल्या इतरांनी कोणते पुण्य केले? शिवाय गळके संयंत्र निरुपद्रवी नसते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. अर्धवट केलेले सत्कृत्य कधीकधी न केल्यापेक्षा महाग पडते.

कोणी म्हणेल, सिलिंडर घरपोच येतो, मग ही यातायात कशाला? आक्षेप रास्त आहे. सिलिंडरने असंख्य बायकांचे डोळे आणि छाती धुरातून सोडवली. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या वसईत तर वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि गोठा नसलेल्या घराला शेणाचे संयंत्र सांगणे हा उपदेश पोकळ आहे. पण खरकटे इमारतीतही निघतेच. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉक्टर आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर आणि पिष्टमय पदार्थांवर चालणारे छोटे घरगुती संयंत्र विकसित केले. त्यास २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' संयंत्राने हेच काम मोठ्या प्रमाणावर करता येते. आपण मात्र ओले-सुके एकत्र बांधून देतो आणि ते गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे जाते. तेथे त्याचाही वायूच होतो, फक्त तो कोणाची चूल पेटवत नाही. शेजारी राहणाऱ्यांना दुर्गंधी आणि धूर तेवढा मिळतो.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. ज्यांच्या दारी अजून गुरे आहेत त्यांनी संयंत्राचा विचार करावा, आणि काला कालवण्याची पाळी घरातल्या पुरुषांनीही घ्यावी. ज्यांच्याकडे गुरे नाहीत त्यांनी ओला कचरा वेगळा ठेवावा. जेथे लग्नाकार्याच्या पंगती उठतात, तेथे उरल्यासुरल्याचे काय होते हे यजमानाने स्वतः जाऊन पाहावे. गोखिवऱ्याच्या बाजूला राहणारेही आपले शेजारी आहेत. शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेत आपल्या कचऱ्याचा डबा येत नाही, असे कोठेही सांगितलेले नाही.