हात आवरणे की हात झटकणे?



आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच मुली परिचारिका म्हणून परदेशी गेल्या आहेत. त्यांतल्या लंडनला असलेल्या एकीच्या आईने डिसेंबरात मला एक प्रश्न विचारला. मुलीने खिडकीत ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ची कुंडी टांगली आहे. तीच ती, जिच्या हिरव्या मोत्यांच्या माळा कुंडीबाहेर लोंबतात. ड्युटीवरून आली की ती रोज तिला पाणी घालते, तरी मोती सुरकुतत चाललेत. “फादर, एवढं मायेनं करून झाडाला लागत का नाही?” असे त्यांचे म्हणणे.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे, ते आधी पाहू.

ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेच्या केपमधील, पूर्वेकडच्या कोरड्या भागातली. शेवंती आणि सूर्यफूल यांच्या कुळातली. तिच्या गावी ती लोंबत नाही. झुडपांच्या आणि खडकांच्या सावलीत ती जमिनीवर सरपटत पसरते आणि दांडा मातीला टेकेल तिथे मूळ धरते. लोंबायला तिला आपण लावले. प्रत्येक मोती म्हणजे तिचे एक पान. ते गोल असते, कारण गोल आकारात पाणी जास्त मावते आणि उघडा पृष्ठभाग कमी असल्याने ते उडूनही कमी जाते. पानावर एक अर्धपारदर्शक रेघ असते, तिच्यातून प्रकाश आत शिरतो. थोडक्यात, ही वनस्पती आपली पाण्याची बेगमी पानांतच करून ठेवते.

आता लंडनचा हिवाळा. डिसेंबरात नाताळाच्या सुमारास तिथे दिवस आठ तासांचाही नसतो. आपल्याकडे तेव्हा जवळजवळ अकरा तास उजेड असतो. उजेड कमी म्हणून वाढ मंद, आणि वाढ मंद म्हणून तहान कमी. कुंडीत घातलेले पाणी मग तिथेच साचते. मातीच्या कणांमधली हवा जाऊन तिथे पाणी बसते. मुळांनाही श्वास लागतो. ती गुदमरतात आणि कुजतात. खरी गफलत होते ती इथे. कुजलेली मुळे वर पाणी पोहोचवू शकत नाहीत, म्हणून मोती सुरकुततात. पाण्यात बुडून मरणारे झाड तहानलेले दिसते! पाहणाऱ्याचा जीव कळवळतो आणि तो आणखी एक पेलाभर पाणी ओततो.

म्हणून मोत्यांवर विसंबू नये, माती पाहावी. बोट दोन पेरे आत घालावे किंवा कुंडी उचलून वजन पाहावे. माती कोरडी आणि मोती सुरकुतलेले असतील, तर ती तहान. माती ओली असून मोती सुरकुतलेले किंवा लिबलिबीत असतील, तर पाणी ताबडतोब थांबवावे. अशा थंड देशात हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुरते. घालायचे तेव्हा भरपूर घालावे आणि सगळे निथळू द्यावे. जागा सर्वांत उजेडाच्या खिडकीची. मात्र गार काचेला चिकटून नको आणि हीटरच्या वरही नको. खत वसंतापर्यंत बंद.

हे ऐकून त्या आई म्हणाल्या, “म्हणजे काहीच करायचं नाही?” त्यांच्या आवाजातली निराशा मला विसरता आली नाही. काही न करणे हे त्यांना प्रेम वाटतच नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये सुकाणू धरणाऱ्या नाविकाचे उदाहरण दिले आहे. त्याने सुकाणू धरले नाही आणि जहाज बुडाले, तर काही न करूनही बुडवणारा तोच. अट एवढीच की सुकाणू धरणे त्याला शक्य असावे आणि ते त्याचे कर्तव्य असावे. सेमिनरीत हे शिकताना आळशी, झोपाळू नाविक डोळ्यांपुढे येई. पण जो घाबरून सुकाणू सारखे फिरवत राहतो, त्याचे काय? त्याचे जहाज तरी कुठे किनाऱ्याला लागणार?

ॲरिस्टॉटल वनस्पतीलाही आत्मा मानत असे. त्या आत्म्याला फक्त पोषण, वाढ आणि प्रजनन यांची शक्ती. हा शब्द आज कोणाला खटकेल, पण त्यामागचा विचार मला पटतो. प्रत्येक सजीवाचे स्वतःचे असे एक भले असते आणि ते आपल्या इच्छेवरून ठरत नाही. रोज पाणी घालण्याची गरज झाडाची नव्हती. ती होती बारा तास दुसऱ्यांची सेवा करून रिकाम्या खोलीवर परतणाऱ्या एका मुलीची. त्या गरजेला मी स्वार्थ म्हणणार नाही. पण ती झाडाच्या मुळांवर भागवता येत नाही.

हात आवरणारा आणि हात झटकणारा, दोघेही पाणी घालत नाहीत. बाहेरून दोघे सारखेच. झटकणारा कुंडीकडे पाहणे सोडून देतो. आवरणाऱ्याला मात्र पूर्वीपेक्षा जास्त पाहावे लागते: माती, वजन, उजेड, कुंडीच्या तोंडाशी असलेले दांडे. पाणी घालायला अर्धे मिनिट पुरते आणि मनही हलके होते. नुसते पाहणे जड जाते.

आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघरी जातो तेव्हा हे अधिक तीव्रतेने जाणवते. एका घरी आजी शेवटच्या दिवसांत होत्या. गिळता येत नव्हते, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती डॉक्टरांनी सांगितली होती. तरी लेक पेजेचा चमचा ओठांशी नेतच होती. चमचा खाली ठेवणे म्हणजे आईला सोडून देणे, असे तिला वाटे. अखेर नर्सने तिच्या हाती ओला कापूस दिला आणि ओठ भिजवत राहायला सांगितले. ती रात्रभर उशाशी बसून राहिली. याच्या उलटही पाहतो. “त्यांना एकांत आवडतो” असे म्हणून म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारात महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. हेही पाणी न घालणेच, पण इथे माती कोणी तपासलेली नसते.

आपल्यापैकी ज्यांच्या बाल्कनीत ही माळ आहे त्यांच्यासाठी थोडे. आपला हिवाळा तिला मानवतो. कठीण काळ पावसाळ्याचा, कारण तेव्हा उजेड कमी आणि ओल जास्त. जूनपूर्वीच कुंडी आडोशाला घ्यावी, तळाला भोक आहे ना ते पाहावे, मातीत वाळू असावी. मोती मटारासारखे दिसले तरी विषारी आहेत. लहान मुले आणि मांजरे यांच्यापासून दूरच ठेवावेत. मुळे कुजलीच, तर एक निरोगी माळ कापून दोन दिवस सुकू द्यावी आणि वाळूमिश्रित मातीवर नुसती आडवी ठेवावी, पुरू नये. काही आठवड्यांत खालून बारीक मुळे सुटतात. सुटली का, हे उचलून पाहण्याचा मोह होतो, उचलू नये.